शब्दसूची, संगणक आणि ‘ळ’चे स्थान

शब्दसूची करणे हे कारकुनी काम असून खरे संशोधन त्यानंतर सुरू होते, असा समज आपल्या मराठी विभागांतून दृढ आहे. संगणक आल्यापासून तो अधिकच बळावला. प्रस्तुत लेखकास तो मान्य नाही.

युनिक्स या संगणकप्रणालीत मजकुराच्या नोंदींवर काम करणाऱ्या लहान लहान आज्ञा आहेत. ‘ग्रेप’ हव्या त्या ओळी निवडते, ‘सॉर्ट’ त्या क्रमाने लावते, ‘युनिक’ लगतच्या सारख्या ओळींचा एक गट करते व सांगितल्यास त्या मोजूनही देते. यातील ‘लगतच्या’ हा शब्द महत्त्वाचा. आधी क्रम लावल्याखेरीज गट नीट पडत नाहीत. एका आज्ञेचे फलित थेट पुढच्या आज्ञेच्या हाती देता येते. १९८६ साली डग्लस मॅकिलरॉय यांनी अशा सहा आज्ञांच्या साखळीने इंग्रजी मजकुरात सर्वाधिक वेळा येणारे शब्द काढून दाखविले. त्याच कामासाठी डोनाल्ड क्नूथ यांनी लिहिलेला प्रोग्रॅम अनेक पृष्ठांचा होता.

हीच साखळी मराठी संहितेवर चालविली तर? तिची पहिलीच आज्ञा रोमन अक्षरांखेरीज सारे पुसून टाकते. संहिताच उरत नाही! दुसरी आज्ञा मोठ्या लिपीतील अक्षरे लहान करते, तिचे आपल्याकडे कामच नाही. एवढे बदलून घेणे अवघड नाही. पुढचे प्रश्न मात्र सूक्ष्म आहेत. केवळ संकेतांकांच्या क्रमाने शब्द लावले तर ‘ळ’ हा ‘ल’ आणि ‘व’ यांच्यामध्ये येतो. आपल्या वर्णमालेत त्याचे स्थान ‘ह’नंतर आहे. ‘दऱ्या’मधील अर्धा र दोन प्रकारे टंकित होऊ शकतो. वाचणाऱ्याला तो एकच शब्द दिसतो. ‘युनिक’च्या लेखी ते दोन शब्द, आणि वारंवारिता दोन ठिकाणी विभागली जाते. ‘घर’, ‘घरी’, ‘घरातून’ ही एक नोंद की तीन, हे तर यांपैकी कोणतीच आज्ञा ठरवीत नाही. ते व्याकरण जाणणाऱ्यानेच ठरवावयाचे असते, आणि संतसाहित्याच्या बाबतीत पाठभेदही त्यात येतात.

म्हणून शोधप्रबंधात शब्दांच्या वारंवारितेचे कोष्टक देणाऱ्याने त्यासाठी वापरलेली आज्ञांची साखळी आणि नोंदी एकत्र करण्याचे नियम परिशिष्टात छापावेत, अशी अट विभागांनी घालावी. साखळी चार-सहा ओळींची असते. परीक्षकाला ती त्याच संहितेवर पुन्हा चालवून पाहता येईल. एरवी समोरच्या आकड्यांवर विश्वास ठेवण्यावाचून त्याला गत्यंतर नसते.