बालक एक, खाती तीन

जून महिन्यात पहिलीच्या वर्गात येऊन बसणारे मूल म्हणजे कोरी पाटी, असा एक भाबडा समज आहे. वस्तुतः तोवर त्याच्या आयुष्यातील सहा निर्णायक वर्षे उलटून गेलेली असतात. त्या वर्षांत पोटाला काय मिळाले, लस वेळेवर टोचली गेली काय, गाणी-गोष्टी कानी पडल्या काय, यावर त्याचे पुढील शिक्षण बरेचसे अवलंबून असते. महाराष्ट्राला हे नव्याने सांगावयास नको. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडच्या परिसरात बालशिक्षण आदिवासींच्या अंगणात नेले, ते याच जाणिवेतून.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी देशातील ३३ प्रकल्पांत एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली. पूरक पोषण, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा, पोषण व आरोग्य शिक्षण आणि शालापूर्व शिक्षण या सहा सेवा एकत्र मिळाव्यात, हा तिचा हेतू. 'एकात्मिक' हा शब्द नावातच आहे. व्यवहारात मात्र आहार महिला व बालविकास खात्याचा, लस आरोग्य खात्याची आणि सहा वर्षे पुरी होताच मूल शिक्षण खात्याचे! किती आहार वाटला, किती लसी टोचल्या, किती पटनोंदणी झाली, याचा हिशेब प्रत्येक खाते देते. मूल शिकण्यास सिद्ध झाले की नाही, याचे उत्तर देण्यास मात्र कोणीच बांधलेले नाही. खर्चाची नोंद आहे, फलिताची नाही. अर्थशास्त्राच्या दृष्टीने हा अपव्ययच होय.

मग उणीव अधिकारांची आहे काय? ग्रामीण भागात तरी नाही. १९६२ साली स्थापन झालेल्या जिल्हा परिषदांच्या एकाच छपराखाली आरोग्य, प्राथमिक शिक्षण आणि महिला व बालकल्याण हे तिन्ही विभाग नांदतात. उणीव आहे ती सामायिक जबाबदारीची. अंगणवाडीतील वजन-उंचीची, लसींची आणि मुलाच्या प्रगतीची नोंद पहिलीच्या शिक्षकाच्या हाती रीतसर सोपविली जावी; तालुका पातळीवर तिन्ही विभागांनी दरमहा एकत्र आढावा घ्यावा. यास नवा कायदा लागत नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ हा वयोगट शिक्षणाचा एकच पायाभूत टप्पा मानला असता अंगणवाडी व शाळा यांमध्ये खात्यांची भिंत का असावी?

यावर 'कामाचा बोजा वाढेल', असा आक्षेप येईल आणि तो खोटा नाही. आजही या सहा सेवांची सांगड गावात प्रत्यक्ष घालते ती अंगणवाडी सेविकाच, आणि तिला मिळते ते वेतन नव्हे, मानधन. तिला उपदानाचा हक्क आहे, हे २०२२ साली सर्वोच्च न्यायालयास सांगावे लागले. तेव्हा समन्वय म्हणजे तिच्या माथी आणखी एक नोंदवही मारणे नव्हे. तिन्ही खात्यांच्या नोंदवह्यांची एक नोंदवही करणे होय.

खात्यांच्या सीमा शासनाने आपल्या सोयीसाठी आखल्या आहेत. भूक, आजार आणि अज्ञान मात्र त्या सीमा पाहून मुलाच्या वाट्याला येत नाहीत.