जुलाब थांबले, मग पाय का लटपटतात? पुण्यातील जीबीएसच्या साथीतून काय शिकायचे

जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात सिंहगड रस्ता, किरकटवाडी, नांदेड, धायरी या भागांत गुलेन बॅरी सिंड्रोमचे, म्हणजे जीबीएसचे रुग्ण एकापाठोपाठ सापडू लागले. काही आठवड्यांत राज्यातील संशयित रुग्णांची संख्या दोनशेवर गेली. नवा विषाणू आला की काय, अशी धास्ती अनेकांनी घेतली. पण हा आजार नवा नाही. तीन फ्रेंच डॉक्टरांनी १९१६ मध्येच त्याचे वर्णन केले होते. शिवाय तो एका माणसाकडून दुसऱ्याला होत नाही.

मग एकाच भागात इतके रुग्ण कसे? कारण पसरतो तो त्याआधीचा संसर्ग. पुण्यातील काही रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू आणि नोरोव्हायरस आढळले. दोन्ही दूषित पाणी आणि अन्नातून पोटात जातात.

शरीरात नेमके काय होते?

कॅम्पिलोबॅक्टरच्या बाह्य आवरणातील काही घटक आपल्या मज्जातंतूंवरील घटकांसारखे असतात. जिवाणूशी लढायला शरीराने तयार केलेली प्रतिपिंडे या साम्यामुळे फसतात आणि मज्जातंतूंवरच हल्ला करतात. विजेच्या तारेवरचे प्लास्टिक खरवडले जावे, तसे मज्जातंतूचे आवरण खराब होते. काहींमध्ये आतल्या तंतूलाही इजा होते. मेंदूचा आदेश स्नायूंपर्यंत नीट पोहोचत नाही.

या सगळ्याला साधारण एक ते तीन आठवडे लागतात. तोवर जुलाब थांबलेले असतात. त्यामुळे दोन्हींचा संबंध घरच्यांच्या लक्षात येत नाही आणि 'जुलाबाचा अशक्तपणा आहे, भरून येईल' म्हणून मोलाचे दिवस वाया जातात.

लक्षणे कशी ओळखाल?

- दोन्ही पावलांत किंवा हातांच्या बोटांत मुंग्या येणे, पाठ किंवा पाय दुखणे.
- जिना चढताना, उकिडवे बसून उठताना त्रास होणे. चप्पल पायातून निसटणे.
- तासागणिक किंवा दिवसागणिक कमजोरी पायांकडून हातांकडे चढणे.
- चेहरा वाकडा होणे, गिळताना ठसका लागणे, एकाच्या दोन वस्तू दिसणे.
- आवाज बारीक होणे, धाप लागणे.

थकलेला माणूस विश्रांतीनंतर उठून चालतो. इथे मात्र विश्रांती घेऊनही कमजोरी वाढत जाते. पक्षाघातात बहुधा शरीराची एकच बाजू अचानक लुळी पडते. जीबीएसमध्ये बहुधा दोन्ही बाजू कमजोर होतात. जुलाबानंतर पोटॅशियम घटल्यानेही हातपाय गळतात. यांतले कारण कोणतेही असले, तरी तपासणी त्याच दिवशी व्हायला हवी. शेवटच्या दोन लक्षणांपैकी काही दिसले, तर अतिदक्षता विभाग असलेले रुग्णालय गाठा.

निदान आणि उपचार

डॉक्टर गुडघ्यावर हातोडी मारून पाहतात. जीबीएसमध्ये तो झटका बहुधा मंदावलेला किंवा नाहीसा झालेला असतो. मणक्यातील पाण्याची तपासणी पहिल्या आठवड्यात सामान्य येऊ शकते. त्यामुळे 'रिपोर्ट नॉर्मल' म्हणून निर्धास्त राहू नका.

उपचार दोन आहेत: इम्युनोग्लोब्युलिनची इंजेक्शने किंवा प्लाझ्मा बदलणे. दोन्ही सारखेच परिणामकारक आहेत आणि पहिल्या दोन आठवड्यांत सुरू केल्यास अधिक उपयोगी पडतात. इंजेक्शनचा डोस वजनावर ठरतो: किलोमागे एकूण २ ग्रॅम, म्हणजे ६० किलोच्या रुग्णाला १२० ग्रॅम. खर्च मोठा असतो. म्हणून सरकारी योजनेतून मदत मिळेल का, हे दाखल होतानाच विचारा.

सुमारे चार-पाच जणांत एकाला काही काळ व्हेंटिलेटर लागतो आणि योग्य उपचार होऊनही काही रुग्ण दगावतात. तरी बहुतेक जण सहा महिन्यांत पुन्हा आधाराशिवाय चालू लागतात. त्यासाठी फिजिओथेरपी नेटाने करावी लागते.

घाबरायचे कशाला, आणि कशाला नाही?

जुलाब झालेल्या प्रत्येकाला जीबीएस होत नाही. कॅम्पिलोबॅक्टरच्या संसर्गानंतरही तो साधारण हजारात एखाद्यालाच होतो. रुग्णाला भेटल्याने, त्याची सेवा केल्याने तो लागत नाही. त्याला एकटे पाडू नका. पाणी मात्र उकळूनच प्या, टँकरचे असो वा जारचे. चिकन पूर्ण शिजवा. आणि घरात कुणाला जुलाब होऊन गेले असतील, तर पुढचे तीन-चार आठवडे त्याच्या चालण्याकडे लक्ष ठेवा.