घरचा पोप
परवा ओळखीच्या घरात वाटणी झाली. तैलचित्रांतली आजी ठाण्याला गेली, आजोबा नाशकात. मला आठवलं रोममधलं दोरिया पाम्फिली घराणं. संग्रह फोडायचा-विकायचा नाही, अशी कायदेशीर मेख पूर्वजांनी मारून ठेवली, म्हणून राजवाड्यातलं संग्रहालय आजही घराण्याकडेच आहे. भिंतींवर चौकटीला चौकट भिडलेली आणि एका छोट्या दालनात वेलास्केझनं १६५० साली रंगवलेला घरचाच पोप, दहावा इनोसंट: तांबूस चेहरा, संशयी नजर, हातात कागद. चित्र पाहून पोप ‘फारच खरं!’ म्हणाला, अशी आख्यायिका आहे. सरकारी संग्रहालयात त्याची नुसती कलाकृती झाली असती; इथे तो अजून खडूस काकाच आहे. वारसा टिकवायचा तर वारसांचे हात बांधायलाच हवेत, मग भले दिवाणखान्याला तिकीट लावावं लागो!