आणि इतर

लग्नपत्रिका हाती आली की बहुतेक लोक वधूवरांची नावे, तिथी आणि भोजनाची वेळ एवढे पाहून घेतात. मी मात्र पत्रिका खालून वर वाचतो. वर आजोबा असतात, मग काका, मग नोकरीतल्या हुद्द्यांसह मामा; आणि अगदी तळाशी 'समस्त परिवार' असतो. ज्याने तीन दिवस कोठीघराची किल्ली कमरेला लावून साखरेचा हिशेब ठेवला, जिने पहाटे चारला उठून आंघोळीचे बंब पेटवले, ती सारी मंडळी या 'समस्त' शब्दात दाटीवाटीने राहतात. लग्न पार पडते ते त्यांच्यामुळे. पत्रिका छापली जाते ती इतरांच्या नावाने.

शास्त्रज्ञांच्या निबंधांनाही असाच एक समस्त परिवार असतो. पाचसहा जणांनी मिळून संशोधन केले की पुढे त्याचा उल्लेख करताना पहिल्याचे आडनाव लिहितात आणि त्याला दोन लॅटिन शब्दांचे आखूड शेपूट लावतात: 'एट अल'. म्हणजे 'आणि इतर'. मराठी शिकवणाऱ्याला शब्दांची खोड काढण्याची सवय असते, म्हणून की काय, हे शेपूट मला नेहमी खटकते. कारण तान्ह्या मुलांचे प्राण आणि तरुण मुलांची मने वाचवण्याचे जे काम आपल्या विदर्भात झाले, ते या 'इतरां'वाचून झालेच नसते.

आधी तान्ह्या मुलांचे पाहू. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ साली गडचिरोलीत 'सर्च' ही संस्था काढली. त्या भागात लहान मुले न्यूमोनियाने जात. न्यूमोनिया ओळखण्याची खूण सोपी आहे: मुलाचा श्वास जलद चालतो. दोन महिन्यांच्या आतले मूल मिनिटाला साठ किंवा अधिक श्वास घेत असेल, अथवा त्याहून मोठे तान्हे पन्नास किंवा अधिक, तर धोका समजावा. पण हे मोजायचे कोणी? गावातल्या दाया हुशार होत्या, त्यांच्या हातांना शेकडो बाळंतपणांचा अनुभव होता. परंतु पुष्कळ जणींना पन्नाससाठपर्यंत मोजता येत नव्हते.

एखाद्याने म्हटले असते, मग या बायका आपल्या कामाच्या नाहीत. बंगांनी एक साधी पाटी केली. तिच्यावर तारेत ओवलेले मणी आणि शेजारी एक मिनिटाची वाळूची घटिका. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. आधी हिरवे मणी, शेवटी एक तांबडा. वाळू संपण्याच्या आत तांबडा मणी सरकवण्याची पाळी आली, तर मुलाला न्यूमोनिया आहे असे धरून औषध सुरू करायचे. दहापर्यंतची मोजणी पुरे झाली. पाटीवर मुलांना बेरीज शिकवण्याचे मणी आपण सर्वांनी पाहिले आहेत; त्याच मण्यांवर श्वासाचा हिशेब मांडता येईल हे मात्र कोणाला सुचले नव्हते.

त्यापुढची पायरी अधिक धाडसाची होती. जन्मानंतरच्या पहिल्या अठ्ठावीस दिवसांत बाळे दगावत; आणि हेच दिवस असे की बाळंतिणीला घराबाहेर काढायचे नाही, दवाखाना लांब, रस्ता वाईट. १९९५ पासून सर्चने गावातल्याच, पाच ते दहा इयत्ता शिकलेल्या बायका निवडून त्यांना शिकवले. त्यांना नाव दिले 'आरोग्यदूत'. दाईबरोबर त्या बाळंतपणाला हजर राहत, नेमल्या दिवशी घरी जात, बाळाचे वजन करीत, त्याला ऊब देत. बाळ दूध ओढेनासे झाले, रडणे क्षीण झाले, हातपाय लुळे पडले, अंग गार लागले, छाती खोल जाऊ लागली, तर ही जंतुबाधेची लक्षणे हे त्या ओळखत आणि घरच्यांच्या संमतीने इंजेक्शनही देत. पाचवी शिकलेल्या बाईच्या हाती सुई! शिकलेल्या मंडळींच्या भुवया वर गेल्या, यात नवल नाही.

उत्तर आकड्यांनी दिले. ३९ गावांत ही सोय होती, ४७ गावांत नव्हती. १९९९ च्या डिसेंबरात 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात निबंध छापून आला: तिसऱ्या वर्षी नवजात मुलांचे मृत्यू दुसऱ्या गावांच्या तुलनेत ६२ टक्क्यांनी घटले होते. त्या निबंधावर बंग दांपत्याच्या पाठोपाठ बैतुले, रेड्डी, देशमुख अशी नावे आहेत. आपल्याला ती माहीत नसतात. आणि त्यांच्याही मागे ३९ गावांतल्या त्या बायका, ज्यांची नावे शीर्षकाखाली मावणेच शक्य नव्हते.

मला त्यांच्या इंजेक्शनांपेक्षाही त्यांच्या वह्यांचे कौतुक वाटते. संशोधन म्हणजे अखेर खरी नोंद. बाळ जन्मले, लिहा. वजन अमुक, लिहा. बाळ गेले, तेही लिहा. पंधरा दिवसांनी वरची माणसे येऊन वही पडताळणार. शेजारणीचे मूल आपण रोज पाहत होतो, ते गेले. ही ओळ स्वतःच्या हाताने लिहायला काय लागत असेल? ती ओळ गाळली असती तर कोणाला कळले असते? पण मग ६२ हा आकडाही खोटा ठरला असता. आपल्याकडे मृत्यू नोंदवण्याची हयगय किती आहे, हे २००१ साली 'कोवळी पानगळ' या अहवालाने दाखवलेच होते. महाराष्ट्रातल्या तेरा संस्थांनी गावोगाव बालमृत्यू मोजले, तेव्हा सरकारी दप्तरात त्यांतले कितीतरी कमी उतरत असल्याचे दिसून आले. जे मूल दप्तरात मेले नाही, त्याच्यासाठी कोणी धावणार तरी कशाला?

गडचिरोलीचा धडा २०११ पासून देशभर गेला. आज आमच्या वाशीम जिल्ह्यात, रिसोडपासून मानोऱ्यापर्यंत, बाळंतीण दवाखान्यातून घरी आली की गावची आशाताई बेचाळीस दिवसांत ठरलेल्या फेऱ्या मारते. २०१४ पासून राज्यात १०८ क्रमांकाची गाडीही आहे. पण गाडी बोलावण्यापूर्वी कोणाला तरी 'हे तातडीचे आहे' असे कळावे लागते. तातडी दवाखान्याच्या दारात सुरू होत नाही. ती घरातल्या पाळण्यापाशी सुरू होते. माझ्या वर्गात एका आशाताईंची मुलगी आहे. ती हसत सांगत होती, "सर, माही माय कोणाचंही लेकरू पाह्यलं की आधी त्याच्या पोटाकडेच पाह्यते. लग्नातबी!" पोट किती वेगाने खालीवर होते, हे पाहण्याची ती सवय. नोकरी संपली तरी नजर संपत नाही.

श्वास मोजता येतो. मन कसे मोजावे? येथे ना मणी ना वाळू. 'नैराश्य' हा शब्द आम्ही वर्गात फळ्यावर लिहितो. गावात मात्र कोणी तो उच्चारीत नाही. तेथे माणूस म्हणतो, करमत नाही, जीव लागत नाही, टेन्शन आहे. २००६ साली केंद्र सरकारने शेतकरी आत्महत्यांच्या सहा जिल्ह्यांसाठी मदत जाहीर केली, त्यांत वाशीमचे नाव होते. २०१५ साली राज्याने चौदा जिल्ह्यांत शेतकऱ्यांच्या समुपदेशनासाठी 'प्रेरणा प्रकल्प' सुरू केला, त्यातही ते होते. अशा यादीत आपल्या जिल्ह्याचे नाव वाचताना काय वाटते ते वेगळे सांगायला नको. आणि प्रश्न काही एकट्या शेतकऱ्याचा नव्हे. २०१२ साली 'लॅन्सेट'मध्येच आलेल्या एका अभ्यासाप्रमाणे भारतात १५ ते २९ या वयातल्या मृत्यूंच्या कारणांत आत्महत्येचा क्रमांक दुसरा होता. हे वय माझ्या वर्गातल्या बाकांवर बसलेले आहे.

आमच्या शेजारच्या अमरावती जिल्ह्यात या दशेवर एक उपाय करून पाहिला गेला. मुंबईत वाढलेले डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ साली गोव्यात 'संगाथ' ही संस्था काढली. मनोविकारतज्ज्ञ मूठभर आणि दुःखी माणसे असंख्य, तर सामान्य माणसालाच ऐकण्याची विद्या का शिकवू नये, हा त्यांचा विचार. त्याच विचाराचा 'विश्राम' नावाचा कार्यक्रम अमरावतीच्या तीस गावांत चालला. गावातले आरोग्यसेवक लहान लहान बैठका घेत, शिकवून तयार केलेले समुपदेशक माणसाशी बोलत, आणि आजार जड असेल तरच तज्ज्ञाकडे पाठवत. २०१७ साली डॉ. राहुल शिधये आणि इतरांनी (पाहा, आले शेपूट!) निष्कर्ष छापला: दीड वर्षात, नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले.

तरुणांसाठी संगाथने शाळा गाठल्या. दिल्लीच्या सरकारी शाळांत २५१ विद्यार्थ्यांवर केलेल्या त्यांच्या प्रयोगाचा निबंध २०२० साली निघाला. समुपदेशक मानसशास्त्राचे पदवीधारी तज्ज्ञ नव्हते. तीन आठवड्यांत चारपाच छोट्या बैठका आणि हाती चित्रकथेची पुस्तिका. अडचण नेमकी कोणती? तिच्यातून वाटा किती? त्यांतली एक निवड आणि करून पाहा. झाले! दुसऱ्या गटाला नुसत्या पुस्तिका दिल्या. सहा आठवड्यांनी पाहिले, तर बैठकांना आलेल्या मुलांनी स्वतः सांगितलेल्या अडचणी अधिक हलक्या झाल्या होत्या. आजाराच्या लक्षणांत मात्र दोन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक नव्हता. संशोधकांनी हेही लपवले नाही. गडचिरोलीच्या वहीतला प्रामाणिकपणा तो हाच.

दूर आफ्रिकेत झिंबाब्वेच्या हरारे शहरात डॉ. डिक्सन चिबांडा यांनी तर हे काम आज्यांवर सोपवले. दवाखान्याच्या आवारातल्या बाकावर आजी बसते आणि शेजारी येऊन बसेल त्याचे ऐकते. २०१६ साली त्याचाही गुण शास्त्रीय कसोटीवर सिद्ध झाला. आपल्याकडे ओट्यावर बसणाऱ्या आज्या काही कमी नव्हत्या. फरक एवढाच, की त्या आज्यांना मधेच न बोलता ऐकायला शिकवले आहे. आणि ही विद्या सोपी नाही, हे प्राध्यापकाइतके कोणाला ठाऊक!

आता कौतुकाला लागून येणारा हिशेब. आशाताईला सरकारी भाषेत 'स्वयंसेविका' म्हणतात. तिला पगार नसतो, कामागणिक मोबदला आणि मानधन असते. मानधन हा शब्द मोठा चतुर आहे: धन कमी पडले की मानाकडे बोट दाखवता येते आणि मानाचे विचारले की धनाकडे. २०२३ च्या ऑक्टोबरात राज्यभरच्या आशाताई संपावर गेल्या, तेव्हा त्यांची मागणी काही निराळी नव्हती. ज्या नजरेवर एवढे शास्त्र उभे राहिले, तिची किंमत ठरवताना आपला हात आखडतो.

२०२४ साली वाशीमला सरकारी वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. जिल्हा १९९८ साली अकोल्यातून वेगळा झाला, तेव्हापासूनच्या इच्छांपैकी ही एक मोठी. येथून डॉक्टर होतील, उद्या निबंध लिहितील, पहिले आडनाव त्यांचे असेल, आणि ते असावेच. फक्त शिकवणाऱ्यांनी एक करावे. पहिल्याच वर्षी प्रत्येक विद्यार्थ्याला एका आशाताईबरोबर गावात पाठवावे. तिच्या मागे उभे राहून त्याने एक मिनिट बाळाचे पोट पाहावे. आणि दुसऱ्या घरी, कट्ट्यावर येईनासा झालेला मुलगा तिच्याशी बोलू लागेपर्यंत गप्प बसावे.

वाचकहो, दिवाळीला मुले घरी आली आहेत. फराळाच्या ताटाशी एखादे मूल गप्प बसले असेल, तर परीक्षेचे गुण विचारण्याआधी त्याच्याशेजारी थोडे बसून पाहा. आपल्या आवाक्याबाहेरचे वाटले, तर सरकारने २०२२ साली सुरू केलेल्या 'टेलिमानस'चा १४४१६ हा क्रमांक आहे. तेथे मराठीतही बोलता येते. तो क्रमांक कॅलेंडरवर, गॅसवाल्याच्या आणि दूधवाल्याच्या क्रमांकांशेजारी, आजच लिहून ठेवा.