नावांची पागडी

शेअर बाजारात उतरण्याइतके भांडवल नाही, जमीन घेण्याची तर बातच नको, आणि मुदतठेवीवरचे व्याज महागाईच्या पुढे फारसे सरकत नाही, अशा कोंडीत सापडलेल्या मध्यमवर्गीय तरुणाला अलीकडे एक नवी वाट दाखवली जाते. महाजालावरील पत्ते, म्हणजे डोमेन-नावे, स्वस्तात नोंदवून ठेवायची आणि गरजू येईल तेव्हा चढ्या भावाने विकायची, ही ती वाट. त्यात पुन्हा दोन पंथ आहेत. नावाच्या शेवटी येणाऱ्या ‘कॉम’, ‘नेट’, ‘ऑर्ग’ या जुन्या प्रत्ययांतच पैसा आहे, असे एक पंथ सांगतो. ती पेठ केव्हाच भरून गेली, आता ‘शॉप’, ‘ऑनलाइन’, ‘एक्सवायझेड’ अशा नव्या प्रत्ययांत लवकर शिरेल तो तरेल, असे दुसऱ्याचे म्हणणे. कोणता प्रत्यय लोकांच्या जिभेवर रुळेल याभोवतीच हा वाद रंगतो. वास्तविक गुंतवणुकीच्या दृष्टीने तो दुय्यम प्रश्न आहे. नाव घेणाऱ्याच्या हाती नेमके काय पडते हा पहिला प्रश्न, आणि तो क्वचितच विचारला जातो.

हाती पडते ती मालकी नव्हे, भाडेपट्टा. डोमेन-नाव एका वेळी अधिकात अधिक दहा वर्षांसाठी नोंदवता येते. पुढे ठराविक मुदतीत नूतनीकरणाचे पैसे भरले नाहीत तर ते हातचे जाते. प्रत्येक प्रत्ययाची नोंदवही सांभाळणारी एक संस्था असते, तिला रजिस्ट्री म्हणतात. ती घाऊक दर ठरवते, तिच्या खाली किरकोळ विक्रेते असतात, आणि सगळ्यांत खाली वार्षिक भाडे भरणारा नोंदणीधारक. ‘कॉम’मधील पहिले नाव १५ मार्च १९८५ रोजी नोंदले गेले, तेव्हा हे भाडेच नव्हते, खर्चाचा भार अमेरिकन सरकारी निधीवर होता. १९९५ साली दोन वर्षांस शंभर डॉलर असे शुल्क सुरू झाले आणि नावांचा बाजार उभा राहिला. या सर्व व्यवस्थेवर देखरेख करणारी ‘आयकॅन’ ही संस्था १९९८ मध्ये कॅलिफोर्नियात स्थापन झाली.

मुंबईत आयुष्य काढलेल्या वाचकाला हा व्यवहार फार समजावून सांगावा लागू नये. गिरगाव-परळच्या चाळींतील खोली भाडेकरूच्या मालकीची नसते, तरीही ती ‘विकली’ जाते. आणि ज्या रकमेला ती विकली जाते तिला पागडी म्हणतात. ही रक्कम येते कोठून? १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी गोठवली. जागेची बाजारातील किंमत वाढत गेली, भाडे मात्र जागच्या जागी राहिले. या दोहोंतील तफावत भाडेकरूच्या पदरात साचली आणि पागडीच्या रूपाने रोकड बनली. त्या कायद्याने पागडी घेणे गुन्हा ठरवले होते, तरी ती दिली-घेतली जातच होती. अखेर १९९९ च्या कायद्याने तिला मान्यता द्यावी लागली. भाडे मालकाच्या मर्जीप्रमाणे वाढवता आले असते, तर पागडी नावाची चीज निर्माणच झाली नसती. सगळी तफावत मालकानेच भाड्यातून काढून घेतली असती.

डोमेन-नावांचा पुनर्विक्री-भाव ही तंतोतंत अशीच पागडी आहे. ‘बिझनेस डॉट कॉम’ हे नाव १९९७ साली दीड लाख डॉलरला आणि १९९९ साली ७५ लाख डॉलरला विकले गेल्याचे प्रसिद्ध आहे. २०१९ मध्ये ‘व्हॉइस डॉट कॉम’ला तीन कोटी डॉलर मिळाले. या आकड्यांनी डोळे दिपतात. पण त्यांच्यामागचा खरा आधार नावाच्या सौंदर्यात शोधणे ही चूक होय. तीन कोटींचे ते नाव धारण करण्याचा रजिस्ट्रीचा घाऊक दर इतर कोणत्याही ‘कॉम’ नावाइतकाच, म्हणजे वर्षाला आठ डॉलरसुद्धा नव्हता! ‘कॉम’ची रजिस्ट्री व्हेरिसाइन या कंपनीकडे असली तरी तिचा दर अमेरिकन वाणिज्य खात्याशी केलेल्या कराराने बांधलेला आहे. २०१२ पासून २०२१ पर्यंत तो ७.८५ डॉलरवर स्थिर होता. २०१८ च्या दुरुस्तीने दर सहा वर्षांतील शेवटच्या चार वर्षांत प्रत्येकी सात टक्क्यांपर्यंत वाढ करण्याची मुभा मिळाली. कंपनीने ती चारही वेळा वापरली आणि १ सप्टेंबर २०२४ पासून दर १०.२६ डॉलर झाला. ही वाढ अन्यायाची आहे असे पुष्कळांचे मत आहे आणि ते निराधार नाही. तरीही वाढीला मर्यादा आहे, आणि ती सर्व नावांना सारखी लागू आहे, म्हणूनच ‘कॉम’मध्ये पागडी टिकते.

नव्या प्रत्ययांची गोष्ट निराळी. २०१२ साली आयकॅनने नव्या प्रत्ययांसाठी अर्ज मागवले. प्रत्येक अर्जाचे शुल्क १,८५,००० डॉलर असूनही १,९३० अर्ज आले, आणि २०१३ च्या अखेरीपासून बाराशेहून अधिक प्रत्यय क्रमाक्रमाने चलनात आले. या करारांत घाऊक दरावर कमाल मर्यादा नाही. शिवाय उत्तम नावे रजिस्ट्रीने आधीच बाजूला काढून ‘प्रीमियम’ ठरवलेली असतात, आणि त्यांतील कित्येकांचे वार्षिक नूतनीकरणही चढ्या दराने होते. म्हणजे चाळीतील रस्त्याकडेच्या खोल्या मालकाने स्वतःच पागडी लावून द्यायच्या, भाडेही बाजारभावाने घ्यायचे आणि ते पुढे वाढवण्याचा अधिकारही राखून ठेवायचा. अशा चाळीत भाडेकरूला पागडी कशी सुटावी?

हा केवळ तर्क नव्हे. २०१७ मध्ये युनिरजिस्ट्री या कंपनीने आपल्या काही प्रत्ययांचे दर अनेक पटींनी वाढवण्याचे जाहीर केले, तेव्हा गोडॅडीसारख्या मोठ्या विक्रेत्याने ते प्रत्यय विकणेच थांबवले. विवाहेच्छू जोडप्यांसाठी काढलेल्या ‘वेड’ या प्रत्ययाचा दर तर तिसऱ्या वर्षापासून तीस हजार डॉलर होता. (हा शब्द इंग्रजी आहे, मराठी कानाला तो सूचक वाटला तर इलाज नाही.) जेमतेम काही नावे विकली गेली, कंपनी बुडाली, आणि २०१७ च्या डिसेंबरात त्या प्रत्ययाची नोंदवही तातडीच्या व्यवस्थेखाली दुसऱ्या संस्थेकडे सोपवावी लागली. नव्या प्रत्ययांत मोठे सौदे झालेच नाहीत असे नाही. ‘व्हेकेशन डॉट रेंटल्स’ला २०१८ मध्ये पाच लाख डॉलर मिळाले. पण येथे प्रत्यय आणि नाव मिळून एका भरभराटीच्या धंद्याचे पूर्ण नाव तयार होते. असे जोड मोजकेच जमतात, आणि जमतात ते बहुधा रजिस्ट्रीच्या राखीव यादीत असतात.

पुरवठा एवढा वाढल्यावर जुन्या नावांचे भाव कोसळायला हवे होते, अशी शंका कोणी घेईल. रिकार्डोच्या खंडसिद्धांताशी परिचय असणाऱ्यांना ते तितके अपरिहार्य वाटणार नाही. वाढत्या मागणीमुळे कमी प्रतीची जमीन नांगराखाली येते, तेव्हा चांगल्या जमिनीचा खंड उतरत नाही; दोहोंच्या कसातील फरकाइतका तो वर चढतो. ‘कॉम’खाली आज पंधरा कोटींहून अधिक नावे नोंदलेली आहेत. खुद्द व्हेरिसाइनने २०१६ मध्ये ‘वेब’ या एका नव्या प्रत्ययासाठी दुसऱ्या कंपनीमार्फत साडेतेरा कोटी डॉलरची बोली लावली. नव्या वसाहतीत पैसा आहे हे तिला ठाऊक होते. पण तो जमीनदारास मिळणारा आहे हेही ठाऊक होते.

तथापि जुना प्रत्यय म्हणजे अभेद्य किल्ला, असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. भाडेनियंत्रण हा कायद्याचा आणि कराराचा प्रश्न आहे, आणि करार बदलतात. स्वयंसेवी संस्थांचा म्हणून ओळखला जाणारा ‘ऑर्ग’ घ्या. २०१९ मध्ये आयकॅनने त्याच्या दरावरील मर्यादा काढून टाकली. लोकांचा विरोध प्रचंड होता, त्याचा उपयोग झाला नाही. त्याच वर्षी ‘ऑर्ग’ची रजिस्ट्री चालवणारी संस्था एका खाजगी गुंतवणूक कंपनीला १.१३५ अब्ज डॉलरला विकण्याचा घाट घातला गेला. जगभरच्या संस्थांनी ओरड केल्यावर आयकॅनने ३० एप्रिल २०२० रोजी त्या व्यवहारास संमती नाकारली. विक्री टळली, दराची मर्यादा मात्र परत आलेली नाही. देशांना दिलेल्या प्रत्ययांपैकी काहींत तर भाडे ठरवणारे सरकारच असते. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या लाटेत ‘एआय’ हा अँग्विला या चिमुकल्या कॅरिबियन बेटाचा प्रत्यय असा काही खपला, की २०२३ साली त्या सरकारच्या महसुलाचा सुमारे पाचवा हिस्सा त्यातून आला.

आता छोट्या गुंतवणूकदाराचा हिशेब. समजा, एका विद्यार्थ्याने जाहिरातीतील सवलतीच्या दराने, दीडशे रुपयांस एक याप्रमाणे, नव्या प्रत्ययाची पन्नास नावे घेतली. साडेसात हजारांत पन्नास ‘भूखंड’, हे गणित मोहात पाडणारेच आहे. दुसऱ्या वर्षी सवलत संपते. नूतनीकरण नावामागे अडीच हजार धरले, तर सव्वा लाख रुपये भरायचे. बाराशे रुपयांच्या ‘कॉम’ नावांसाठी हीच रक्कम साठ हजार. दोन्ही बाबतींत नाव विकले गेले नाही तर मिळकत शून्य. जमिनीवर गवत तरी उगवते, शेअरवर लाभांशाची आशा असते. पडून असलेले नाव मात्र दरवर्षी खातच राहते. त्यातच एखाद्या प्रस्थापित कंपनीच्या नावाशी साम्य असलेले नाव घेतले, तर न्यायालयाची पायरी आली. मुंबई उच्च न्यायालयाने १९९९ मध्ये ‘रेडिफ’च्या आणि सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये ‘सिफी’च्या प्रकरणात, डोमेन-नावाला व्यापारी नावासारखेच संरक्षण मिळते, हे स्पष्ट केले आहे.

नव्या प्रत्ययांचा उपयोगच नाही, असे मात्र नव्हे. उपयोग आहे तो वापरणाऱ्याला. रिझर्व्ह बँकेने देशातील बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत ‘बँक डॉट इन’ या शेपटाचे पत्ते घेण्यास सांगितले. त्या पत्त्यांची नोंदणी हैदराबादच्या आयडीआरबीटी या एकाच संस्थेकडे असून बँकेखेरीज कोणाला तेथे प्रवेश नाही. खातेदाराला फसव्या पत्त्यापासून वाचवणे हे त्या नावाचे मोल, आणि पुनर्विक्रीचा तेथे प्रश्नच उद्भवत नाही. २०१४ पासून ‘भारत’ हा प्रत्यय देवनागरीत उपलब्ध आहे, मराठी आणि कोंकणीही त्यात येतात. एखाद्या शाळेने, वाचनालयाने वा पतपेढीने आपले नाव आपल्या लिपीत लावावे हे योग्यच. असे नाव घेणारा वर्षाचे भाडे खर्च म्हणून धरतो, त्याची वाढ झाली तरी त्याला सोसते किंवा तो पत्ता बदलतो.

आयकॅनने नव्या प्रत्ययांच्या पुढच्या फेरीचे अर्ज ३० एप्रिल २०२६ पासून घेण्याचे ठरवले, आणि या वेळचे शुल्क २,२७,००० डॉलर. म्हणजे आणखी प्रत्यय, आणखी सवलतींच्या जाहिराती. ज्यांनी आधीच नव्या प्रत्ययाची नावे घेतली आहेत, त्यांच्यासाठी करारात एक कलम आहे, ते फारसे कोणी सांगत नाही. नूतनीकरणाचा घाऊक दर वाढवण्यापूर्वी रजिस्ट्रीने १८० दिवस आधी सूचना द्यावी लागते आणि त्या मुदतीत जुन्या दराने दहा वर्षांपर्यंत नूतनीकरणाची सोय ठेवावी लागते. ही सूचना जाते ती विक्रेत्याकडे. तो ती ग्राहकापर्यंत वेळेवर पोचवील याची शाश्वती नसल्याने, दर सहामाहीस विक्रेत्याकडे स्वतः चौकशी करणे हा एकच उपाय नोंदणीधारकाच्या हाती उरतो.