बोर्डोची बाटली आणि पाचवे शील

फ्रान्सच्या बोर्डो भागात पिढ्यान्‌पिढ्या एकाच घराण्याकडे असलेले द्राक्षमळे आहेत. मेर्लो, काबर्ने सोविन्यों अशा जातींची द्राक्षे वेगवेगळी आंबवायची, मग चव जुळवत त्यांचे मिश्रण करून लाकडी पिंपांत मुरवायचे, अशी तिथली रीत. कसब मोठेच आहे. पण हीच लाल वाइन आता आपल्या शिकल्यासवरल्या घरांतल्या समारंभांत दिसू लागली आहे, आणि वर ऐकवले जाते, "ताई, ही काय दारू थोडीच? हार्टला चांगली असते."

हे हार्टचे प्रकरण १९९१ साली अमेरिकेतल्या एका टीव्ही कार्यक्रमाने गाजवले. फ्रेंच लोक भरपूर लोणी-चीज खाऊनही हृदयविकाराने कमी मरतात, ते लाल वाइनमुळे, असा तर्क. पुढे त्यातल्या खोटी दिसल्या. थोडी पिणारे बहुधा मुळातच खाऊनपिऊन सुखी असतात. आणि 'न पिणाऱ्यां'मध्ये आजारी पडल्यामुळे सोडलेलेही मोजले जातात. खुद्द फ्रान्समध्ये २०१५ साली मद्यापायी सुमारे ४१ हजार माणसे गेली, त्यांतली १६ हजार कर्करोगाने. हा आकडा समारंभात कोणी सांगत नाही. भगिनींनी तर लक्षात ठेवावे की स्तनाच्या कर्करोगाचा धोका थोड्या मद्यानेही वाढतो.

साधा हिशेब करू. साडेतेरा टक्क्यांच्या वाइनच्या ७५० मिलीच्या बाटलीत सुमारे ८० ग्रॅम अल्कोहोल असते. नाक्यावरच्या व्हिस्कीच्या क्वार्टरमध्ये साधारण ६०. क्वार्टरवाल्याला बेवडा म्हणायचे आणि बाटलीवाल्याला रसिक, हा भेद यकृत करत नाही.

२०२२ मध्ये सुपरमार्केटांत वाइन विकण्याचा निर्णय झाला, तेव्हाही आपल्या राज्यात 'वाइन म्हणजे दारू नव्हे' असे जाहीरपणे बोलले गेले. त्याचे उत्तर विनयपिटकात आहे. आपण वंदनेत 'सुरामेरय' म्हणतो. सुरा धान्याच्या पिठाची. मेरयात फुलांचे, फळांचे, मधाचे, गुळाचे आसव येते. भगवंतांनी भिक्खूंना द्राक्षाचा रस प्यायची मुभा दिली, फळाच्या आसवाची दिली नाही. म्हणजे द्राक्षाशी वैर नाही, आंबवण्याशी आहे. बाबासाहेबांनी १९५६ साली नागपूरला बावीस प्रतिज्ञांत दारूबंदीची प्रतिज्ञा दिली, तिलाही विलायती बाटलीची सूट नाही.

आणि त्या मळ्यांत राबणाऱ्यांचे काय? कीटकनाशकांच्या संपर्कात काम करणाऱ्या शेतकरी-मजुरांचा पार्किन्सन हा व्यवसायजन्य आजार आहे, हे फ्रान्सने २०१२ साली मान्य केले. बाटलीवर घराण्याचे नाव छापतात, फवारणी करणाऱ्याचे नाही.

एक सूचना मात्र नर्स म्हणून. जो रोज भरपूर पितो, त्याने हे वाचून एका दिवसात बंद करू नये. अंग थरथरणे, फिट, भ्रम असे जिवावर बेतू शकते. आधी सरकारी रुग्णालयात दाखवावे, औषध सुरू करूनच सोडावी. घरच्यांनी सोबत जावे, एकट्याला पाठवू नये.