पैसे भरलेत, आभाळ विकत घेतलेलं नाही

गेल्या आठवड्यात पुतण्याचा फोन आला. "काका, एक पत्र लिहून हवंय. तुमच्यासारखं नेमकं आमच्यात कुणाला जमत नाही."

पत्र तक्रारीचं होतं. तो आणि त्याच्या ऑफिसातले दहा-बाराजण नेपाळला अन्नपूर्णा बेस कॅम्पच्या ट्रेकला गेले होते. वर बर्फ पडायला लागला आणि गाईडने त्यांना देउरालीहून मागे फिरवलं. बेस कॅम्प झाला नाही. आता कंपनीकडे पैसे परत मागायचे आणि तो गाईड किती भित्रा आणि नालायक होता, हेही कळवायचं.

मी नाही म्हणालो. त्याला राग आला असणार. फोनवर मला कारण धड सांगता आलं नाही, म्हणून इथे लिहितो आहे. तो वाचेलच. नाही वाचलं तर वहिनी त्याला समोर बसवून वाचून दाखवतील, ही खात्री आहे.

कारण असं की, हे पत्र मी एकदा लिहिलेलं आहे.

एप्रिल २०१९ची गोष्ट. मी तेव्हा एकोणसत्तर वर्षांचा होतो. निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली होती आणि दर रविवारी सिंहगड चढत होतो. आम्ही चौदाजण त्याच ट्रेकला गेलो. नेपाळला जायला आपल्याला व्हिसा लागत नाही, पाट्या देवनागरीत असतात, जेवायला वरण-भात मिळतो. परदेशात आलोय असं वाटतच नाही, आणि तिथेच माणूस फसतो. पाटी वाचता आली म्हणून डोंगर वाचता येतो, असं नाही.

छोमरोंगच्या न संपणाऱ्या पायऱ्या झाल्या, बांबूचं जंगल झालं. पाचव्या दिवशी दुपारी मोदी खोला नदीच्या काठाने देउरालीला पोचलो. उंची साधारण ३२०० मीटर. सकाळी निघालो तेव्हा आकाश धुतल्यासारखं निळं होतं. अकराला ढग आले, एकला गारा पडल्या आणि तीनला बर्फ. रात्रभर पडत राहिला. दुसऱ्या दिवशीही थांबला नाही. आम्ही लॉजच्या जेवणघरात ब्लँकेटं गुंडाळून पत्ते खेळत बसलो. तिसऱ्या दिवशी सकाळी लख्ख ऊन पडलं. सगळे बूट घालून तयार झाले आणि गाईड म्हणाला, "आज नहीं जाएँगे. वापस."

काय आकांडतांडव झालं, विचारू नका.

मी चौतीस वर्षं शाळेत मराठी आणि भूगोल शिकवला. तेव्हा त्या माणसाचं म्हणणं निदान मला तरी कळायला हवं होतं. देउरालीच्या पुढे दरी चिंचोळी होते. एका बाजूला हिंउचुली, दुसऱ्या बाजूला माछापुच्छ्रे. वाट खालून जाते आणि वर हजारो फुटांवर जे उतार असतात, ते वाटेवरून दिसतही नाहीत. दोन दिवसांचा ताजा बर्फ तिथे साचलेला. रात्रीच्या थंडीत तो कसाबसा धरून राहतो आणि ऊन लागलं की सुटतो. म्हणजे आम्हाला जे ऊन शुभशकुन वाटत होतं, तेच धोक्याचं होतं. गाईडने हे एका वाक्यात सांगितलं होतं: "ऊपर बहुत गिरा है, धूप लगेगी तो नीचे आएगा." आम्ही त्याला उत्तर दिलं, "भैया, हमने पूरा पैसा भरा है."

मग आमच्यातल्या एकाने चक्क मतदान घ्यायचं ठरवलं. हात वर करा! नऊजण पुढे जायच्या बाजूने, तिघे विरोधात. मी आणि आणखी एक गृहस्थ तटस्थ राहिलो. आयुष्यभर मुलांना नागरिकशास्त्रातली लोकशाही शिकवणारा मी तेव्हा म्हणालो नाही की, बाबांनो, बर्फ मोजलेली मतं बघत नाही.

गाईड बधला नाही. तो खालची वाट बघायला गेला असताना आमच्यातले दोघे एका हमालाला जास्तीचे पैसे देऊन गुपचूप पुढे निघाले. हमाल म्हणजे जेमतेम वीस वर्षांचं पोरगं, पायात कापडी बूट. दोन तासांनी तिघे परत आले. मध्येच पुन्हा ढग उतरले होते आणि पुढचं काही दिसेना म्हणून हे दोघे घाबरून वळले होते. त्यांचे बूट चांगले, भारी. पोराची बोटं मात्र पांढरी पडली होती आणि त्याला ती कळतच नव्हती. गाईड न बोलता खाली बसला आणि कोमट पाण्यात त्याचे पाय धरून राहिला. बोटं वाचली. त्याच वेळी, त्याच खोलीत, आमचे लोक एकमेकांना विचारत होते की आता किती रुपये परत मिळतील.

पुण्याला आल्यावर पत्र लिहायचं ठरलं. अर्थात ते काम सरांकडे आलं. मी दोन पानी पत्र लिहिलं. भाषा सुरेख होती, शुद्धलेखनाची एक चूक नव्हती. 'मार्गदर्शकाच्या अनाठायी भीतीमुळे आमचा हिरमोड झाला' हे वाक्य माझंच. पोराच्या पायांबद्दल त्या दोन पानांत एक अक्षर नव्हतं. चौदा सह्या झाल्या, पहिली माझी.

त्या वर्षीच्या दिवाळीनंतर ओळखीचं एक कुटुंब त्याच कंपनीबरोबर जाऊन आलं. त्यांच्याकडून कळलं की, तक्रार आल्यामुळे त्या गाईडला कंपनीने नंतर ग्रुप दिले नाहीत. त्याचा शरद ऋतूतला, म्हणजे कमाईचा अख्खा मोसम गेला.

आणि मग १७ जानेवारी २०२०. त्याच देउरालीजवळ, त्याच वाटेवर हिमकडा कोसळला आणि दक्षिण कोरियाचे चारजण आणि तीन नेपाळी त्याखाली गेले. ते चारही कोरियन शिक्षक होते. हवा बिघडली म्हणून तेही मागे फिरले होते, उतरत होते, तरी गाठले गेले. सगळे मृतदेह हाती यायला काही महिने लागले. ती बातमी मी चारदा वाचली. त्या वाटेवर मागे फिरणंसुद्धा वेळेत झालं पाहिजे. आमच्या गाईडने ते वेळेत केलं होतं आणि मी त्याला भित्रा ठरवलं होतं.

तर आता पुतण्याच्या मुद्द्यांकडे येतो.

पहिला मुद्दा: "पूर्ण पैसे भरलेत." भरलेत ना. कशाचे? पलंगाचे, जेवणाचे, ओझं वाहणाऱ्याचे आणि गाईडच्या अनुभवाचे. त्या अनुभवातच त्याचा 'नाही'सुद्धा येतो. 'फी भरली आहे, मुलगा पास झालाच पाहिजे' असं म्हणणारे पालक मला नोकरीत पुष्कळ भेटले. त्यांना आम्ही काय म्हणायचो, ते इथे लिहीत नाही.

दुसरा मुद्दा: "आमच्यानंतर दुसरा एक ग्रुप गेला आणि सुखरूप परत आला." आनंद आहे. पण उत्तर बरोबर आलं म्हणून रीत बरोबर होती असं होत नाही, हे गणिताचा कुठलाही शिक्षक सांगेल. ऑक्टोबर २०१४ मध्ये अन्नपूर्णेच्याच परिसरात थोरोंग ला या ५४१६ मीटर उंचीच्या खिंडीत काय झालं, ते आठवा. ऑक्टोबर म्हणजे तिथला सगळ्यात भरवशाचा महिना. पण १२ तारखेला हुडहुड चक्रीवादळ विशाखापट्टणमला धडकलं आणि १४ तारखेला त्याचा उरलेला जोर हिमालयात बर्फ होऊन पडला. त्या भागात चाळीसहून अधिक माणसं गेली. बंगालच्या उपसागरातलं वादळ दोन दिवसांत हिमालयात पोचतं आणि आपण कार्यक्रमपत्रिकेवर बोट ठेवून भांडतो.

तिसरा मुद्दा जरा वजनदार आहे: "गाईड लोक लबाडी करतात." करतात, काहीजण. हेलिकॉप्टरच्या खोट्या सुटका दाखवून विमा कंपन्यांना लुबाडण्याच्या प्रकारांची २०१८ साली नेपाळ सरकारनेच चौकशी केली होती. पण जरा विचार करा. तुम्हाला पायी परत नेणाऱ्याला त्यात काय मिळालं? उलट बक्षिसी गेली. आमच्या ग्रुपने त्याच्या पाकिटातली रक्कम निम्मी केली होती. ज्या निर्णयाने स्वतःचंच नुकसान होतं, तो घेणाऱ्याला लबाड म्हणायला फार मोठी बुद्धी लागते.

आणि चौथा, "मग साहस कशाला म्हणायचं?" देउरालीहून चढताना माछापुच्छ्रे आपल्या डोक्यावर असतो. नाव म्हणजे आपलं मत्स्यपुच्छच. उंची ६९९३ मीटर. १९५७ साली एका ब्रिटिश मोहिमेतले विल्फ्रिड नॉइस आणि कॉक्स हे दोघे तो चढत होते. शिखर दीडशे फुटांवर राहिलं असताना ते मागे फिरले. नॉइस १९५३च्या एव्हरेस्ट मोहिमेतला माणूस, आणि पेशाने शाळामास्तर! त्याला कुणी भित्रा म्हटलं नाही. त्याने पैसे परत मागितल्याचंही ऐकिवात नाही. तो डोंगर पवित्र मानतात आणि आता त्यावर चढायला परवानगीच नाही. शिखर न गाठता लोक त्याच्याकडे बघतात आणि हात जोडतात. आपल्याला मात्र साहसही हवं आणि हमीही हवी. हमी हवी असेल तर महाबळेश्वरला जावं. तिथेही धुकं असतंच म्हणा.

तक्रार करायचीच नाही का? जरूर करावी, पण योग्य माणसाची. आमच्या छापील पत्रकात 'दिवस सहावा: बेस कॅम्प, दिवस सातवा: सूर्योदयाचं विहंगम दृश्य' असं लिहिलेलं होतं. जणू सूर्याची वेळ घेऊन ठेवली होती! चौदा माणसांची परतीची विमानतिकिटं काढलेली आणि मध्ये राखीव दिवस एकही नाही. एक मोकळा दिवस असता, तर दुसऱ्या रात्रीनंतर वाट बघता आली असती, भांडण झालंच नसतं. पण राखीव दिवस ठेवला की ट्रेक महाग दिसतो आणि आपण शेजारच्या स्वस्त कंपनीकडे जातो. म्हणजे त्या दोषातला निम्मा वाटा पुन्हा आपलाच.

तेव्हा बाळा, तुला पत्र लिहून देतो. दोन देतो. एक कंपनीला: कार्यक्रमात राखीव दिवस ठेवा, हवामानाबाबत गाईडचा शब्द अखेरचा राहील असं आधीच लेखी कळवा आणि हमालांना धड बूट आणि विमा आहे का ते सांगा. दुसरं तुमच्या गाईडला, आभाराचं, सगळ्यांच्या सह्यांसकट. त्याची एक प्रत कंपनीलाही जाऊ दे, म्हणजे त्याचा मोसम बुडणार नाही.

माझं दुसरं पत्र फार उशिरा गेलं. बातमी वाचल्यावर मी कंपनीला लिहिलं, त्याला उत्तर आलं नाही. मग कुणाकुणाकडून नंबर मिळवून त्या गाईडला फोन केला. माफी मागायची होती. पण नाव सांगितल्यावर मला पुढे बोलूच न देता तो म्हणाला, "हाँ सर! चिंता मत कीजिए, लडके का पैर ठीक है."

त्याला वाटलं, मी त्या पोराच्या पायांची चौकशी करायला फोन केला होता. इतकी साधी अपेक्षा होती त्याची माझ्याकडून. त्यानंतर मी माफी मागितली, पण आवाज नीट निघाला नाही.

असो. वहिनी, पोराला म्हणावं, काका रागावलेले नाहीत. रविवारी जेवायला ये, पत्रं तयार ठेवतो.